किशोरवयीन विद्यार्थ्यांचा व्यायाम आणि त्यांचे स्वतःचे ध्येय



इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांना व्यायामाचा तास देताना एक गोष्ट हटकून आढळते. चौथी-पाचवीपर्यंत घंटा होताच मैदानाकडे धावत सुटणारी मुलेच पुढे दोन-तीन वर्षांत भिंतीच्या कडेने उभी राहू लागतात. कोणाचे पोट दुखत असते, कोणाची चप्पल तुटलेली असते, तर कोणी गणवेश मळेल म्हणून मागे राहते. मुलींमध्ये हे प्रमाण अधिक असते. ही कारणे काही वेळा खरी असतात. परंतु तीच मुले त्याच दिवशी वारंवार तीच कारणे सांगू लागली, म्हणजे दुखणे पोटाचे नसून मनाचे आहे असे समजण्यास हरकत नाही.

हा प्रश्न एखाद्या गावाचा अथवा जिल्ह्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांविषयीची माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध केली. २०१६ पर्यंतच्या त्या माहितीनुसार शेकडा ८१ मुलांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती; मुलांत हे प्रमाण शेकडा ७८, तर मुलींत शेकडा ८५ होते. याच संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि त्यांपैकी निदान तीन दिवस दम लागेल असा व स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम असावा.

वेळापत्रकातील व्यायामाच्या तासांची बेरीज केली, तर एकट्या शाळेकडून ही ६० मिनिटे भरून निघणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून शाळेचे खरे काम मुलास त्या तासापुरते पळविण्याचे नसून, तास संपल्यावरही त्याला आपण होऊन हालचाल करावीशी वाटेल अशी इच्छा त्याच्या ठायी निर्माण करण्याचे आहे. ही इच्छा कशाने निर्माण होते आणि आपल्या नित्याच्या पद्धतीने ती कधी कधी कशी मावळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शर्यत कोणासाठी असते?

आपल्या शाळांतून व्यायामाचा तास बहुधा शर्यतीच्या अंगाने जातो. चाळीस मुले रेघेवर उभी राहतात, शिट्टी वाजते, पहिले तीन क्रमांक पुकारले जातात, टाळ्या पडतात. त्या तिघांना उत्तेजन मिळाले, हे खरे. परंतु उरलेल्या सदतीस जणांना त्या तासाने काय शिकविले? आपण त्या तिघांपैकी नाही, एवढेच. आणि दर आठवड्यास क्रमांक पटकाविणारी मुले बहुधा तीच असल्यामुळे हा धडा दर आठवड्यास पक्का होत जातो. वर्षअखेरीस वीस वेळा हरलेले मूल एकविसाव्या वेळी भिंतीच्या कडेला जाऊन उभे राहिले, तर त्याने आपल्या परीने शहाणपणाच केला असे म्हणावे लागेल.

या वयात तर ही तुलना मुळातच न्यायाची नसते. मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. आणि त्यातही एका मुलात व दुसऱ्या मुलात दोन-तीन वर्षांचे अंतर सहज पडते. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन समवयस्क मुलांपैकी एकाचे शरीर जवळजवळ तरुणाचे झालेले असते, तर दुसऱ्याचे अद्याप बालकाचेच असते. पहिल्याने शर्यत जिंकण्यात त्याच्या कष्टांपेक्षा निसर्गाचा वाटा अधिक असतो, आणि दुसऱ्याच्या पराभवात त्याचा दोष काहीच नसतो. तरीही दोघेही त्यातून स्वतःविषयी एक कायमचा ग्रह करून घेतात. दुसरा म्हणतो, "मला पळता येत नाही." हा ग्रह पुढे त्याचे शरीर वाढले, तरी सुटत नाही.

स्पर्धा वाईट, असा याचा अर्थ नव्हे. खो-खो, कबड्डी, लंगडी यांतील चुरस हा बालपणाचा ठेवा आहे. तात्पर्य एवढेच की, स्पर्धा हे व्यायामाचे एकमेव प्रयोजन होऊ नये.

२. ध्येयाविषयी संशोधन काय सांगते?

एडविन लॉक व गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, "होईल तेवढे चांगले कर" अशा मोघम सांगण्यापेक्षा निश्चित व काहीसे अवघड असे ध्येय माणसाकडून अधिक चांगले काम करवून घेते. मात्र ते ध्येय त्याला मनापासून पटलेले असले पाहिजे, आणि आपण कोठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळले पाहिजे.

आल्बर्ट बांडुरा व डेल शुंक यांचा १९८१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्राथमिक शिक्षकांस विशेष जवळचा वाटेल, कारण तो वजाबाकीचा आहे. गणितात मागे पडलेल्या व त्यात गोडी नसलेल्या सात ते दहा वर्षांच्या मुलांना वजाबाकीच्या स्वाध्यायाची ४२ पाने सात बैठकींत सोडवावयाची होती. एका गटाला सांगितले की, प्रत्येक बैठकीत सहा पाने पुरी करण्याचे ध्येय ठेवा. दुसऱ्यास सांगितले की, सातव्या बैठकीअखेर ४२ पाने पुरी करण्याचे ध्येय ठेवा. आणखी एका गटाला ध्येय दिलेच नाही. काम सर्वांना तेच होते. तथापि सहा-सहा पानांचे जवळचे ध्येय ठेवणाऱ्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली, आपल्याला हे जमते असा विश्वास त्यांच्यात आला, आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यात त्यांना रस वाटू लागला. दूरचे ध्येय ठेवणाऱ्यांना त्या ध्येयाचा विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. वजाबाकीचा हा नियम धावण्यासही लावून पाहण्याजोगा आहे. "वर्षअखेर जिल्हा स्पर्धेत जायचे" हे ध्येय बहुतेक मुलांना ४२ पानांसारखे आहे. "या आठवड्यात न थांबता दोन फेऱ्या" हे सहा पानांसारखे आहे.

जॉन निकोल्स या अभ्यासकाने १९८० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, माणूस आपले यश दोन प्रकारे मोजतो. एक, इतरांपेक्षा मी सरस ठरलो का. आणि दुसरा, कालच्यापेक्षा मला आज अधिक येते का. पहिल्या मापाने मोजणारा जिंकत असेपर्यंतच टिकतो. दुसऱ्या मापाने मोजणारा हरला, तरी टिकतो, कारण त्याची प्रगती त्याच्या स्वतःच्या हाती असते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी १९८५ च्या सुमारास मांडलेला विचार याला पूरक आहे: आपण ही गोष्ट स्वतः निवडली आहे, ती आपल्याला जमू लागली आहे, आणि आपल्याबरोबर आपली माणसे आहेत, या तीन जाणिवा असल्या की बाहेरच्या धाकाची वा बक्षिसाची गरज उरत नाही.

हा विचार आपल्या मातीस परका नाही. तालमीत आलेल्या नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी जुन्या पैलवानाइतक्या बैठका काढावयास लावीत नाही. त्याला झेपतील तेवढ्या काढावयास लावतो, आणि तो आकडा दिवसामासाने वाढवीत नेतो. सूर्यनमस्कार घालणारा रोजच्या आकड्याचा संकल्प सोडतो. संकल्प हा शब्दच मोठा अर्थपूर्ण आहे. तो दुसऱ्याने लादता येत नाही. तो ज्याचा त्यानेच सोडावा लागतो.

३. एक ठळक उदाहरण

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे यांचे नाव विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. त्यांचा क्रीडाप्रकार म्हणजे ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी हे अंतर ८ मिनिटे २९.८० सेकंदांत कापून ३७ वर्षे अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर ते पुनःपुन्हा स्वतःचाच विक्रम मोडीत गेले. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांची नोंद करून रौप्यपदक मिळविले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील डायमंड लीग स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली.

वर्गात हे उदाहरण सांगताना दोन गोष्टींकडे मुलांचे लक्ष वेधावे. पहिली ही की, २० सेकंदांनी वेळ कमी करण्यास जवळजवळ सहा वर्षे लागली. एका दिवसात काही झाले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पॅरिसच्या त्या शर्यतीत साबळे यांचा क्रमांक सहावा होता. क्रमांकाच्या मापाने पाहिले, तर पाच जण पुढे गेले. स्वतःच्या मापाने पाहिले, तर तोवरच्या आयुष्यातील ती सर्वोत्तम धाव होती. "सहावा आलेला माणूस त्या दिवशी हरला की जिंकला?" हा प्रश्न मुलांना विचारावा व त्यांना वाद घालू द्यावा. या एका प्रश्नावर अर्धा तास उत्तम चर्चा होते.

४. ध्येय कसे असावे?

मुलाने ठरविलेले ध्येय पुढील चार कसोट्यांवर तपासून पाहावे.

(अ) ते त्याचे स्वतःचे असावे. शिक्षकाने दोन-तीन वाटा दाखवाव्यात; निवड मुलाने करावी. एकाला धावण्याची हौस असेल, दुसरीला दोरीवरच्या उड्यांची, तिसऱ्याला सूर्यनमस्कारांची. सर्वांनी एकच गोष्ट केली पाहिजे असा आग्रह नसावा.

(आ) ते मोजता येण्याजोगे असावे. "मी तंदुरुस्त होईन" हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. "मी सलग ४० उड्या मारीन" हे ध्येय झाले.

(इ) ते जवळचे व थोडेसे अवघड असावे. आज जेवढे जमते, त्याच्या एक-दोन पायऱ्या पुढचे असावे. फार सोपे असेल, तर त्यात गोडी राहत नाही. फार अवघड असेल, तर धीर सुटतो.

(ई) ते कृतीचे असावे. "पहिला येईन" हे फळाचे ध्येय आहे, आणि फळ दुसऱ्याच्या धावण्यावरही अवलंबून असते. "आठवड्यातून चार दिवस दोन फेऱ्या मारीन" हे कृतीचे ध्येय आहे, आणि ते सर्वस्वी मुलाच्या हाती आहे.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. जे मूल बरेच दिवस मैदानापासून दूर राहिले आहे, त्याला आरंभीच आकड्यात बांधू नये. अलीकडे काही अभ्यासकांनी दाखविले आहे की, व्यायामास नव्याने आरंभ करणाऱ्यांना निश्चित आकड्यापेक्षा "पाहू या, आज किती जमते" असे मोकळे ध्येय अधिक मानवते. दोन-तीन आठवडे असे गेल्यावर मूल आपण होऊन आकडा विचारू लागते. तो क्षण आला की वही हाती द्यावी.

५. सहा आठवड्यांची योजना

यासाठी खर्च लागत नाही. एक सुतळी, फक्कीने आखलेली रेघ, शिट्टी, शिक्षकाच्या मोबाइलमधील सेकंद मोजण्याची सोय, आणि प्रत्येक मुलाची एक लहान वही एवढे पुरे. मैदान लहान असेल, तर शंभर मीटरचा घेर आखून सहा फेऱ्यांचे ६०० मीटर करावेत.

पहिल्या आठवड्यात मोजमाप करावे. २०१९ साली सुरू झालेल्या फिट इंडिया उपक्रमातील शालेय चाचण्या आपल्या परिचयाच्या आहेत: ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणे, पोटाच्या स्नायूंचे उठाव, जोर इत्यादी. त्यांपैकी दोन-तीन पुरेत. आकडा मोठ्याने पुकारू नये. ज्याचा त्याला सांगावा व त्यानेच तो वहीत लिहावा.

दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी ध्येय ठरवावे. एका वेळी पाच-सहा मुलांशी बोलले, तर सर्व वर्ग आठवड्यात होतो. हे बोलणे पुढीलप्रमाणे असावे.

गुरुजी : सहाशे मीटरला तुला किती वेळ लागला?
विद्यार्थिनी : तीन मिनिटे चाळीस सेकंद, गुरुजी. मध्ये दोनदा चालले.
गुरुजी : पुढे काय करावेसे वाटते?
विद्यार्थिनी : पहिली यावेसे वाटते.
गुरुजी : दुसरी किती जोरात धावेल, ते तुझ्या हाती आहे का?
विद्यार्थिनी : नाही.
गुरुजी : मग तुझ्या हाती काय आहे?
विद्यार्थिनी : दोनदाऐवजी एकदाच चालेन.
गुरुजी : छान. त्यासाठी रोज काय करशील?
विद्यार्थिनी : परिपाठाआधी दोन फेऱ्या मारीन. पण बाजाराच्या दिवशी यायला उशीर होतो.
गुरुजी : मग बाजाराचा दिवस सोडून. हे तुझ्याच शब्दांत वहीत लिही, आणि सोबत कोण धावेल तेही लिही.

या संवादात शिक्षकाने आकडा दिलेला नाही, केवळ प्रश्न विचारले आहेत, हे लक्षात यावे. अडचण मुलीने स्वतः सांगितली व तिची सोय योजनेतच झाली. घरचे काम, पाणी, गुरे, शेतीची लगबग यांचा विचार न करता आखलेले ध्येय चार दिवसांतच मोडते.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मुलांनी रोजची नोंद ठेवावी व आठवड्यातून एकदा जोडीदारास वही दाखवावी. शिक्षकाने प्रत्येक वहीवर एखादे वाक्य लिहावे, पण ते नेमके असावे. "शाब्बास" यापेक्षा "या आठवड्यात तू चारही दिवस आलीस" हे वाक्य अधिक काम करते. ध्येय गाठले नसेल, तर कारण विचारावे व ध्येय लहान करावे, रागावू नये. ध्येय लहान करणे म्हणजे माघार नव्हे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

सहाव्या आठवड्यात पुन्हा मोजमाप करावे. प्रत्येकाने आपले दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत, आणि पुढील ध्येय ठरवावे. परिपाठात कौतुक करावयाचे, तर "स्वतःत सुधारणा केलेले विद्यार्थी" म्हणून करावे. त्या यादीत पहिल्या क्रमांकाचा मुलगा असेल किंवा नसेलही; परंतु भिंतीच्या कडेला उभे राहणारे एखादे मूल तीत नक्की असेल.

६. काही आवश्यक दक्षता

वजन हे ध्येय कधीही होऊ देऊ नये. वाढत्या वयात वजन वाढणे स्वाभाविक आहे. वजन किंवा उंची-वजनाचे गुणोत्तर वर्गात वाचून दाखविल्याने मूल खजील होते, आणि काही मुले जेवण सोडू लागतात. ध्येय शरीर काय करू शकते याचे असावे. ते कसे दिसते याचे नसावे.

मुलींच्या बाबतीत तास टाळण्यामागे पोशाख, पाहणाऱ्यांची गर्दी व मासिक पाळी ही कारणे असतात. पाळीत व्यायाम निषिद्ध नाही. परंतु त्रास होत असेल, तर त्या दिवशी विश्रांती घेण्याची मोकळीक कारण न विचारता असावी. शक्य तेथे हे बोलणे शिक्षिकेने करावे.

लवकर धाप लागणे, चक्कर येणे, चेहरा फिका दिसणे ही लक्षणे आळसाची समजू नयेत. ती रक्तक्षयाची असू शकतात. अशा मुलाची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवून घ्यावी, आणि लोहाच्या साप्ताहिक गोळ्या नियमित दिल्या जात आहेत ना, हे पाहावे. दमा, हृदयविकार किंवा सिकलसेल असलेल्या मुलाचे ध्येय वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. उन्हाळ्यात धावणे सकाळीच उरकावे व पाणी जवळ ठेवावे.

दिव्यांग मुलास तासाच्या वेळी वर्गात बसवून ठेवण्याची सवय आता सुटली पाहिजे. ज्या वर्गात प्रत्येकाचे ध्येय निरनिराळे आहे, त्या वर्गात त्याचे ध्येय वेगळे असणे कोणाच्या नजरेत येत नाही. या पद्धतीचा हा एक मोठाच लाभ आहे.

७. समारोप

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात, आणि शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात पुष्कळदा "खेळात भाग घेतो" एवढेच लिहिले जाते. मुलाची वही समोर असली, तर त्याच रकान्यात "सहा आठवड्यांत सलग दोरीउड्या १५ वरून ३८, चार दिवसांचा नेम पाळला" असे लिहिता येईल. ही नोंद पालकांसही समजते, आणि मुलाला ती आपली वाटते.

ग्रामीण भागातील पुष्कळ मुलांना, विशेषतः मुलींना, "चल, धाव" असे म्हणणारे आठवीनंतर फारसे कोणी उरत नाही. त्यांच्या आयुष्यातील ही शेवटची दोन-तीन वर्षे आपल्या हाती आहेत. या काळात "मला जमत नाही" हा ग्रह घेऊन मूल शाळेबाहेर पडले, तर तो पुसावयास पुढे कोणी येत नाही. "मला काल जमले नव्हते, आज जमले" हा अनुभव घेऊन पडले, तर तो जन्मभर पुरतो, आणि तो केवळ मैदानापुरताच राहत नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील किती विद्यार्थी गेल्या महिन्यात व्यायामाच्या तासास कडेला उभे राहिले? प्रत्येकाचे खरे कारण आपणास ठाऊक आहे काय?
२. पुढील विधानांतील फळाचे ध्येय कोणते व कृतीचे कोणते, ते सांगा: "संघात निवड होईन", "रोज १२ सूर्यनमस्कार घालीन", "सर्वांत उंच उडी मारीन", "मधल्या सुट्टीत तीन दिवस दोरीउड्या मारीन".
३. मैदान नसलेल्या शाळेत घेता येतील असे पाच व्यायामप्रकार व ते मोजण्याची रीत सुचवा.
४. सहा आठवड्यांची योजना एका वर्गात राबवून पाहा, आणि पुढील बैठकीस तीन विद्यार्थ्यांच्या वह्या सोबत आणा. त्यांत एक वही सर्वांत मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याची असावी.